आई काय म्हणतेय ते सांग: कोरियन मैत्रिणी, सुना, शेजारणी... तुमचे अनुभव लिहा

मृद्गंध
परवा बँकेत रांगेत उभी होते. पुढे आमच्या सोसायटीच्या नेपाळी वॉचमनची बायको आणि तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी. काउंटरवरचा माणूस मराठीत विचारतोय, पोरगी आईला नेपाळीत सांगतेय. आई तावातावाने बरंच काही बोलली आणि पोरीने त्याचं मराठी केलं, "नको म्हणतेय." बाकीचं गिळलं. मला एकदम ग्रेस आठवली.

ग्रेस म्हणजे माझी न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली रूममेट, २००४ ते २००६. (नाव बदललंय. पण कुठल्याही कोरियन चर्चमध्ये ग्रेस म्हणून हाक मारा, चार जणी वळून बघतील. कोरियन नाव उन्हे, म्हणजे देवाची कृपा, त्याचं इंग्रजी ग्रेस.) आईबाबांचं ड्राय क्लीनिंगचं दुकान, आठवड्याचे सहा दिवस. सातव्या दिवशी चर्च. आठ वर्षांची असल्यापासून घराचा सगळा कागदी कारभार हिच्याकडे. विजेचं बिल, दुकानाचा भाडेकरार, धाकट्या भावाच्या शाळेची पत्रं, वडिलांच्या पित्ताशयाचे रिपोर्ट. आवाज जाड करून आईच्या नावाने फोनवर बोलायची. दुकानाच्या जागेचा मालक वडिलांना टाकून बोलला की ती ते गाळून सांगायची. वडील त्यावर जे म्हणायचे तेही गाळायची. "दोघांचा राग माझ्याच पोटात राहायचा," म्हणायची, हसत.

२००५ च्या थंडीत ती उठेनाशीच झाली. अंघोळ नाही, क्लास नाही, ब्लाइंड्स खाली. विद्यापीठातली समुपदेशक म्हणाली, घरी सांग. फोन मांडीवर घेऊन बसून राहिली. थकबाकी, जामीन, पित्ताशय, सगळ्याला कोरियन शब्द माहीत. पण "मला बरं नाही, आणि ताप नाहीये" हे कसं म्हणायचं ते येईना. शेवटी डिक्शनरीतून शब्द काढला, उउल्जुंग, म्हणजे नैराश्य. आईला सांगितला. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "बाप मॉगॉस्सॉ?" म्हणजे जेवलीस का. बाप म्हणजे भात, जेवण.

मला हसू फुटलं, कारण माझी आईही हेच विचारते. तिला रडू फुटलं. ते हसू मला अजून टोचतं.

तुमच्या ओळखीत अशा कोणी असतील तर लिहा. स्वतः परदेशात वाढलेल्या असाल तरी लिहा. मोठंच हवं असं नाही.

कुकरची_शिट्टी
वाचलं. पोरगा झोपला की लिहिते. "बाप खाल्लास का" वर मात्र फुटले, सॉरी.

झेलम
आमच्या टीममधली एक. लॉस एंजेलिसची. २९ एप्रिलला ते लोक साइगु म्हणतात, चार-दोन-नऊ, आपण सव्वीस-अकरा म्हणतो तसं. १९९२. रॉडनी किंग ह्या काळ्या माणसाला बेदम मारहाण करणारे पोलीस सुटले आणि शहर पेटलं. कोरियन लोकांची दोन हजारांवर दुकानं लुटली, जाळली. हिच्या वडिलांचंही गेलं. ही अकरा वर्षांची. विम्याच्या फॉर्मवर काय काय गेलं त्याची यादी हिनेच लिहिली, शाळेच्या अक्षरात. हिची सायकल मागच्या खोलीत होती, तीही जळली. पण यादीत घातली नाही. सायकल दुकानाची नव्हती ना.

त्याच्या आदल्या वर्षी एका कोरियन दुकानदारणीने लताशा हार्लिन्स नावाच्या पंधरा वर्षांच्या काळ्या मुलीला गोळी घातली होती, ज्यूसच्या बाटलीवरून. शिक्षा झाली पण तुरुंगवास नाही. हिची शाळेतली सगळ्यात जवळची मैत्रीण काळी. तिने विचारलं, तुझ्या बाबांकडे पण बंदूक आहे? होती. ही "नाही" म्हणाली.

घरात त्या दिवसाबद्दल पुन्हा कोणी चकार शब्द काढला नाही. दर एप्रिलमध्ये हिचं पोट दुखतं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडत नाही. मीटिंग आहे, नंतर येते.

सोलापुरी_चादर
बापरे झेलम. सायकलवर अडकले.

ही दुकानं उभी राहायची कशी ते माहितीये का? बँक दारात उभं करायची नाही. मग क्ये. क्ये म्हणजे शुद्ध भिशी! दहा-बारा घरं, दर महिन्याला पैसे, पाळीपाळीने एकाला सगळी रक्कम. माझ्या शेजारणीची आई क्ये चालवायची. एक बाई पैसे उचलून गायब झाली. आईने अब्रूपायी सगळ्यांचे पैसे स्वतः फेडले, सहा वर्षं. शेजारणीला आर्ट स्कूलला प्रवेश मिळाला होता, ती फार्मसीला गेली. कोणी जा म्हणालं नाही. कोणी जाऊ नको असंही म्हणालं नाही.

त्यांच्यात म्हण आहे, थोरली मुलगी म्हणजे संसाराचं भांडवल. मी तिला "पहिली बेटी धनाची पेटी" सांगितलं तर म्हणाली, पेटी तरी बरी, झाकण असतं.

कुकरची_शिट्टी
चादरे, आमच्या मामीची भिशी १९९७ ला अशीच बुडली, दादरला. ती बाई नंतर लग्नात भेटली, माझ्याच मामीची साडी नेसून!

सोलापुरी_चादर
काय सांगतेस! मग मामी?

कुकरची_शिट्टी
मामी म्हणाली, फॉल नीट लावून घ्या, सुटलाय.

इतिहासवेडा
कोरियन लोक म्हणजे आपले पाहुणेच बरं का. सामगुक युसा ह्या तेराव्या शतकातल्या ग्रंथात आहे, आयुता देशाची राजकन्या समुद्रमार्गे गेली आणि राजा सुरोशी लग्न केलं. आयुता म्हणजे अयोध्या म्हणतात. २००१ पासून तिचं स्मारकही आहे अयोध्येत. किमहे गावचे किम आडनावाचे लोक आजही तिला मूळ आजी मानतात.

झेलम
काका, विषय काय, चाललाय कुठे.

इतिहासवेडा
परदेशी गेलेली मुलगीच की तीही. तिच्या मनाची चौकशी कोणत्या ग्रंथात आहे? नाही. बरं, गप्प बसतो.

सुमनताई_नाशिक
मी क्वचितच लिहिते. पण हे वाचून राहवलं नाही.

माझी सून कोरियन आहे, जन्म शिकागोचा. मला आई म्हणते, तिच्या आईला ऑम्मा. २०१६ साली तिच्या बाळंतपणाला मी गेले होते, त्याही आल्या होत्या. भाषा एकमेकींची शून्य, पण आमचं इतकं जमलं! त्यांच्यातही एकवीस दिवस बाळंतिणीने गार पाण्याला शिवायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही. मी तिचे कान बांधले तर विहीणबाईंनी मला मिठीच मारली. त्या समुद्री शेवाळाचं सूप करत, मियॉक-गुक. दिवसातून तीनदा. मी आळीवाची खीर, डिंकाचे लाडू. पोरगी दोन्ही संपवायची. एकदाही नको म्हणाली नाही. आम्हाला वाटलं, किती गुणी.

सहाव्या आठवड्याला डॉक्टरांकडे एक कागद भरायचा असतो, गेल्या सात दिवसांत तुम्हाला कसं वाटलं, असे दहा प्रश्न. विहीणबाई शेजारीच बसल्या होत्या आणि प्रत्येक प्रश्नाला "काय विचारलंय?" म्हणत होत्या. ती एकेक भाषांतर करून सांगत गेली आणि सगळीकडे छान-छान खुणा करत गेली. दहावा प्रश्न, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, तो तिने भाषांतरच केला नाही. म्हणाली, संपलं. हे मला तिनेच सांगितलं, वर्षाने.

मुलाच्या लक्षात आलं म्हणून वेळेत उपचार झाले. नात आता चौथीत आहे. पण मी तिथे होते हो, त्याच घरात. ओट्याशी उभी राहून मी सूप चांगलं की खीर चांगली ते बघत होते.

मृद्गंध
सुमनताई.... काय बोलू.

निशिगंधा_के
काकू, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. त्या खोलीत तुम्ही असतात तरी वेगळं काही कळलं नसतं.

मी समुपदेशनात काम करते, कोरियन घरातल्या मुली बऱ्याच येतात. त्यांच्या आयांच्या पिढीचा शब्द आहे ह्वाब्यंग. ह्वा म्हणजे आग, ब्यंग आजार. वर्षानुवर्षं गिळलेल्या रागाने होणारा. छातीत गोळा, घशाशी अडकल्यासारखं, अंगाची आग, झोप उडालेली. १९९४ च्या डीएसएम-४ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन सूचीत, नावानिशी नोंद होती त्याची. मुली हसत सांगतात, "ते आईचं, गावठी, मला काही तसलं नाही." आणि सांगताना हात छातीवर, बरोबर त्याच जागी.

दुसरा शब्द नुंछी. समोरच्याच्या मनातलं न बोलता ओळखणं. लहानपणी ह्याचंच कौतुक, हिची नुंछी जलद आहे. आपल्याकडे "समजूतदार" म्हणतात ना, तसं. माझ्यासमोर बसूनही नुंछी चालूच असते, मी दमलेय का, मला घाई आहे का. एकीने तर पाचव्या भेटीत मलाच विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?" सर्दी झाली होती मला.

कुकरची_शिट्टी
समजूतदार. ह्या एका शब्दावर वेगळा धागा काढा कोणीतरी. मी पहिली.

पॅलिसेड्स_पोर
मी न्यू जर्सीत वाढले. बोलून टाइप करतेय, चुका समजून घ्या.

मला एक आवडलं नाही. सगळ्या मुली बिचाऱ्या वाटतायत इथे. माझी शेजारची मैत्रीण फोर्ट लीची. शनिवारी ती चर्चच्या तळघरात कोरियन शाळेत, मी मराठी शाळेत, दोघींना गृहपाठ आवडायचा नाही. बारा वर्षांची असताना तिने आईच्या पार्किंगच्या दंडावरून कोर्टात बोलून तो माफ करून घेतला. चर्चमध्ये महिनाभर तेवढंच चाललं होतं. तिला मजा यायची ह्यात! घरात पॉवर होती तिच्याकडे. तिचा भाऊ कायम बाहेर बास्केटबॉल, त्याला कोणी विचारतही नव्हतं, आणि आज आईबाबांशी त्याला बोलता येत नाही, हिला येतं. (सगळ्यांना वाटतं ती वकील झाली असेल. केक करते.)

तिला त्रास झाला तो वेगळाच. चर्चमधल्या बायका हॅलोच्या जागी म्हणायच्या, "साल जॉन्ने", जाड झालीस. पुढच्या रविवारी, बारीक झालीस, आजारी आहेस का. कॉमेडियन मार्गारेट चो माहितीये? १९९४ मध्ये तिला कोरियन-अमेरिकन घरावरची टीव्ही मालिका मिळाली. चेहरा फार भरलेला दिसतो म्हणून वजन उतरवायला लावलं, इतकं की किडन्यांवर आलं. ते ती नंतर स्टेजवर विनोद म्हणून सांगायची. आम्ही दोघी ते ऐकून लोळून हसायचो. आणि मग माझी मैत्रीण जेवायची नाही. मला हे कनेक्ट व्हायला दहा वर्षं लागली.

मृद्गंध
बरोबर आहे तुझं. ग्रेसही फुशारक्या मारायची, मी ते लिहिलं नाही. दुकानाच्या मालकाला तिने चौदाव्या वर्षी करारातलं कलम वाचून गप्प केलं होतं. ही गोष्ट तर ती दर पार्टीत सांगायची.

राइनकाठ
जर्मनीतून. इथे १९६६ ते १९७६ मध्ये दहा हजारांवर कोरियन नर्सेस आल्या, खाणकामगार त्याच्याही आधी. माझी सहकारी त्यातल्याच एकीची मुलगी, डुइसबुर्गचा जन्म. आईला रात्रपाळ्या, बाळ सांभाळणार कोण? आठ महिन्यांची असताना आजीकडे देगूला पाठवली. सहाव्या वर्षी परत आणली. विमानतळावर आईला "आजुम्मा" म्हणाली. म्हणजे काकू, बाई. आईने तिथेच तिच्या कोटाची बटणं लावायला सुरुवात केली, लावलेलीच होती ती.

जर्मनीत कोरियन आणि कोरियात जर्मन हे सगळेच म्हणतात. ती म्हणते, मी आजीची. आजी कोणत्या देशात येते सांग.

अटलांटा_आजी
आमच्या डुलुथमध्ये निम्म्या पाट्या कोरियन. १६ मार्च २०२१ ला अटलांटा भागातल्या तीन स्पामध्ये आठ जणांना गोळ्या घालून मारलं, सहा आशियाई बायका, त्यातल्या चार कोरियन वंशाच्या. शेजारच्या मुलीची आई नेल सलून चालवते. ही अर्ध्या अर्ध्या तासाने फोन, दुकान बंद कर. आई म्हणायची, गिऱ्हाईक आहे, ठेव. मुलगी गाडी घेऊन दुकानासमोर बसून राहायची, लॅपटॉपवर नोकरी तिथूनच. तीन आठवडे. मी डबा नेऊन द्यायचे. तिला आपलं बोंबलाचं सुकं आवडतं, त्यांच्या किमचीपुढे आपला वास काहीच नाही.

सोलापुरी_चादर
बोंबील अटलांटात कुठे मिळतात??

अटलांटा_आजी
कोरियन दुकानातच बघ. तसलेच मिळतात, थोडे जाड.

मृद्गंध
काल रात्री ग्रेसला फोन लावला, ह्या सगळ्यामुळे. दोन वर्षांनी. ती आता बेचाळीस. अजूनही आई काकाओवर (त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप) पत्रांचे फोटो पाठवते, बँकेची, नगरपालिकेची, कधी नुसत्या जाहिराती. कधी उलटे, कधी अर्धा अंगठा. मी विचारलं, त्रास होतो? म्हणाली, आता मीही तिला माझे पाठवते. म्हणजे? म्हणे डॉक्टरने गोळी बदलली की नव्या बाटलीचा फोटो. आई नाव लिहून घेते आणि चर्चमधल्या फार्मासिस्ट बाईला विचारून येते, ही कशासाठी.

सगळं चर्चला कळलं असेल ना मग, मी म्हटलं. म्हणाली, कळलं. दोघी-तिघी आयांनी मुलींचे नंबर दिलेत तिला.

शेवटी मीच विचारलं, बाप मॉगॉस्सॉ? माझे उच्चार ऐकून हसली. बाहेर बर्फ साफ करायचा होता, ठेवला मग.

कुकरची_शिट्टी
पोरगा आत्ता झोपला. माझं लिहायचं राहूनच गेलं, उद्या. ते शेवाळाचं सूप पुण्यात करून बघायचंय, मियॉक कुठे मिळेल? मुलीच्या वाढदिवसाला. ती कोरियन मालिका बघून मागे लागलीये, वाढदिवसाला हेच खातात म्हणे.

सुमनताई_नाशिक
खातात. आईने बाळंतपणात खाल्लं म्हणून. परीक्षेच्या दिवशी मात्र देऊ नका, निसरडं असतं, मार्क निसटतात म्हणतात. आणि वाळलेलं मिळालं तर अगदी चिमूटभर भिजत घाला. मी पहिल्यांदा मूठभर घातलं होतं, पातेलं भरून ओट्यावर आलं.

कुकरची_शिट्टी
चिमूटभर. लिहून ठेवलं.