गुडघा दुखणाऱ्या सिनिअर सेंटरला फाइव्ह-आउटमधे खेळवावं का?

लातूरकर ११:
मंडळी सल्ला पाहिजे. आमच्या बास्केटबॉल टीमचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच गडी, सगळे त्याला दादाच म्हणतात, आता ३७ चा झालाय. उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेलं, वर घोटा अधूनमधून मुरगळतोच. इतकी वर्षं आमचा गेम एकच, बॉल आत दादाकडं द्यायचा अन् बाकीच्यांनी उभं राहायचं, आणि त्याच्यावर लई मॅच जिंकल्या. आता नवीन कोच आलेत त्यांनी फाइव्ह-आउट सुरू केलंय, म्हणजे पाचही जण थ्रीच्या (तीन पॉइंटच्या शॉटच्या) लाइनबाहेर, आत कुणी नाही, पास दिला की कट मारायचा, म्हणजे बास्केटकडं पळायचं. पोरांना आवडायलंय, पण सिमेंटच्या कोर्टवर सारखं पळून थांबून वळून दादाचा गुडघा सुजायलाय. कोच म्हणायलेत बेंचवर बसवू. मला पटंना, पिव्होट, म्हणजे एक पाय रोवून वळणं, मला त्यानंच शिकवला. काय करावं?

नांदेड हूप्स:
मला कोचचं बरोबर वाटतं, राग नको मानू. फेब्रुवारी २००८ मधे अमेरिकेच्या एनबीए लीगमधे फिनिक्स टीमनं शॉन मॅरिअन देऊन नावाजलेला सेंटर शाक (शकील ओ'नील) आणला. ती टीम बॉल मिळाला की सात सेकंदात शॉट टाकणारी अन् हा पस्तिशीतला एवढा धिप्पाड गडी, प्लेऑफच्या पहिल्याच राउंडला स्पर्स टीमनं ४-१ नं बाहेर काढलं. नाव बघून टीम लावू नये.

जालना पॉइंट गार्ड:
अर्धंच सांगितलं तुम्ही. कोच बदलल्यावर पुढच्या सीझनला तोच शाक ७५ मॅच खेळला, अ‍ॅव्हरेज मॅचला १७.८ पॉइंट. गडी संपला नव्हता, त्याचा वेग अन् टीमचा वेग जुळत नव्हता. आणि एनबीएचाच सेंटर ब्रूक लोपेझ बघा की, पायाचं हाड मोडून मोडून बेजार, पहिल्या आठ सीझनमधे फक्त ३ थ्री, अन् २०१६-१७ ला एकाच सीझनमधे १३४! पुढं ३३ व्या वर्षी मिलवॉकीकडून चॅम्पियन. लातूरकर, दादाला कट मारायला लावताच कामून? त्याला वर मधोमध उभा करा, बॉल त्याच्या हातात, बाकी चौघं पळतील. त्याचा डिफेंडर बाहेर आला तर बास्केट मोकळं, अन् तो शॉट मारत नाही म्हणून मागंच थांबला तर हँडऑफ (दादाच्या हातातनं थेट बॉल) घेणाऱ्याला अडवायलाच कुणी नाही.

लातूरकर ११:
थ्री नाही पडत त्याची पण फ्री थ्रो लाइनवरून हमखास, अन् पास तर असा देतो की कट मारणाऱ्याला हात नुसते पुढं करायचे राहतात.

बीडची फिजिओ:
तुम्ही सगळे ऑफेन्सचंच बोलायलात, गुडघा डिफेन्समधे जास्त जातो. शूटरवर धावत जाऊन एकदम थांबणं, तेच सगळ्यात वाईट. त्यामुळं २-३ झोन लावा, म्हणजे पुढं दोघं, मागं तिघं, प्रत्येकानं आपली जागा राखायची, अन् दादा मागच्या तिघांत मधे. स्पर्सचा ३८ वर्षांचा टिम डंकन २०१४ ला चॅम्पियन झाला तेव्हा सीझनभर मॅचला साधारण २९ मिनिटंच खेळत होता, अन् ते लाकडी कोर्टवर. तुमच्या सिमेंटवर १५ मिनिटं पुरे, तीही तुकड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली की त्या आठवड्यात पळणं बंद, मांडीचे व्यायाम चालू. आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा. आणि दादाला कुणी विचारलं का?

लातूरकर ११:
नव्हतं विचारलं ताई, चूक झाली. काल प्रॅक्टिसनंतर विचारलं. दादा म्हणाला सुरुवातीला मला नका घेऊ, पोरं दमली की शेवटच्या क्वार्टरला टाका. कोचना हँडऑफचं पटलंय, रविवारी झोनसकट ट्राय करायलोत.