एचबीए१सी ६.८, उपाशीपोटी साखर ९४. मधुमेह आहे की नाही?

पेठेतली_सून
सासूबाईंचं (वय ६१) 'फुल बॉडी चेकअप' नणंदबाईंनी फोनवरून बुक केलं. सकाळी सातला मुलगा दारात, चार नळ्या रक्त घेऊन गेला, संध्याकाळी मोबाइलवर अठरा पानी रिपोर्ट. एचबीए१सी ६.८, लाल अक्षरांत 'डायबेटिक'. पण त्याच रिपोर्टात उपाशीपोटी साखर ९४! सासऱ्यांच्या ग्लुकोमीटरवर जेवणानंतर दोन तासांनी तीनदा बघितली: १२६, १३८, १३१. हिमोग्लोबिन ८.७, तेही लालच, पण ते बायकांचं नेहमीचंच. व्हिडिओ कॉलवरच्या डॉक्टरांनी दीड मिनिटात गोळी लिहून दिली. सासूबाईंनी आंबा सोडलाय आणि घरात सुतक असल्यासारखं वाटतंय. गोळी सुरू करू का?

काचपट्टी
ताई, गोळीचं डॉक्टरांना विचारा, मी चोवीस वर्षं लॅबवाला. पण 'नेहमीचंच' म्हणून जे सोडलंत, तिथेच पाणी मुरतंय. एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून त्यावरून दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्यांचा भरणा वाढतो, आणि त्यांना साखर चिकटायला वेळ मिळालेला असतो. आकडा फुगतो. उलट नुकतं रक्त चढवलं असेल किंवा सिकलसेल असेल, तर खोटाच खाली येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये निदानासाठी ६.५ची रेषा मान्य केली, तेव्हाच असे रुग्ण वगळायला सांगितले होते.

पूर्वी आम्ही बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचो. निळ्याचं विटकरी झालं की साखर. काम ढोबळ, पण ते ढोबळ आहे हे सगळ्यांना माहीत असायचं. आता यंत्र दशांश देतं आणि दशांशापुढे माणूस वाद घालत नाही.

फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी१२ करून घ्या. शिवाय ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शिरेतलं रक्त. २०० किंवा वर गेली तर मधुमेह, १४०च्या आत असेल तर नाही.

रास्तापेठ_काका
साखर कमी निघाली तरी निर्धास्त होऊ नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांहून सुमारे आठशे ग्रॅमने हलकी, पण अंगातली चरबी त्या मानाने टिकून, म्हणजे दिसायला बारीक तरी आत चरबी. 'बारीक माणसाला कसला डायबेटिस' हे तेव्हापासून मी तरी बोलत नाही. सासूबाई बारीक आहेत का?

कोथरूडचा_बाळ्या
हापूस संपेपर्यंत रिपोर्ट उघडायचाच नाही, आमच्या घरचा नियम.

पेठेतली_सून
काका, बारीकच. अर्धी वाटी पोहे म्हणजे त्यांचं पोटभर.

गोळी न देता आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी खालची पापणी ओढून बघितली, मग नखं, मग रिपोर्ट. फेरिटिन ६, म्हणजे लोहाचा साठा जवळपास संपलेला. ग्लुकोजनंतर १४८, म्हणजे मधुमेह नाही, उंबरठ्यावर. लोह सुरू केलंय, हिमोग्लोबिन वाढलं की एचबीए१सी पुन्हा.

मग मला बाहेर बसायला सांगितलं. पाळी जाऊन दहा वर्षं झाली, तर बाईचं लोह जातं कुठे, ही त्यांची शंका. दोन वर्षं शौचातून रक्त जातंय. मूळव्याध असेल म्हणून कुणाला बोलल्याच नाहीत.

सोमवारी कोलोनोस्कोपी आहे, मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. काल रात्री त्यांनी स्वतःहून अर्धा आंबा मागितला, दिला.