थंडीत ट्रॅक्टर पहाटे सुरू होत नाही: मोठी बॅटरी बसवावी का?

प्रश्न : ऊसवाला, ओतूर (ता. जुन्नर)

नमस्कार. आमचा ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा आहे. ऊसतोड सुरू असल्यामुळे पहाटेच ट्रॉली घेऊन निघावे लागते. डिसेंबर लागल्यापासून पहाटे सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारला की इंजिन जड फिरते आणि मग नुसता ‘खट्ट’ असा आवाज येतो. ऊन वर आल्यावर मात्र तोच ट्रॅक्टर विनातक्रार सुरू होतो. बॅटरी ७५ अँपिअर-तासांची असून तिला चार वर्षे झाली आहेत. दुकानदार १०० ची बसवा म्हणतो, तर गावात मोठ्या बॅटरीने सेल्फ जळतो असे म्हणतात. यात तथ्य आहे का?

उत्तर : ऑटो इलेक्ट्रिशियन, मंचर

मोठ्या बॅटरीने सेल्फ जळत नाही. दाब दोन्हींचा १२ व्होल्टच असतो आणि सेल्फ आपल्याला लागेल तेवढाच करंट ओढतो. सेल्फ जळतो तो बॅटरी कमजोर असताना बटण अर्धा-अर्धा मिनिट दाबून धरल्याने. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि पुन्हा मारण्यापूर्वी अर्धा मिनिट तरी थांबावे.

मात्र १०० ची बॅटरी घेण्याची घाई करू नका. शिसे-आम्लाच्या बॅटरीची क्षमता २५ अंशांच्या तुलनेत शून्य अंशाला साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. आपल्याकडे पहाटे पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो, म्हणजे घट त्याहूनही कमी असते. तेल घट्ट होऊन इंजिन जड फिरते हे खरे, पण जुन्नरची थंडी धडधाकट ट्रॅक्टरला अडवण्याइतकी कडक नाही. दुखणे आधीचेच असते, थंडीत ते उघडे पडते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेट घेते. इंजिन हळू फिरले की ती हवा फटींतून निसटते, उष्णता थंड सिलिंडरच्या भिंतीत मुरते आणि पेट घेण्याइतका ताप होतच नाही.

म्हणून साधा मल्टिमीटर घेऊन पहाटे, सेल्फ मारण्याआधी, बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज पाहा. १२.६ असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. मग दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगून तिथेच पुन्हा पाहा; आकडा साधारण साडेनऊच्या खाली जाऊ नये. त्यानंतर हेच मोजमाप सेल्फवर, म्हणजे केबल लागते तो बोल्ट आणि सेल्फचे अंग यांच्यामध्ये घ्या. दोन आकड्यांत एक व्होल्टचा फरक आला, तरी केबल किंवा अर्थिंग (बॅटरीच्या मायनसची ट्रॅक्टरच्या लोखंडाशी जोडणी) करंट खात आहे असे समजा. बॅटरीच्या सहाही सेलमध्ये हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) लावता आला तर उत्तम. तपासणी करताना ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये हवा. सेल्फच्या टर्मिनलवर पाना टेकवून तो फिरवण्याची सवय असेल तर ती सोडा, कारण गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर तसाच अंगावर येतो.

उत्तर : बागायतदार, शिरूर

वरील माहिती योग्य आहे. एक गोष्ट जोडतो : सेल्फ मारताना धुराड्यातून पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, धूरच नसेल तर फिल्टर आणि डिझेलच्या नळीत एअर (हवा) शिरली आहे का ते पाहावे. हीटर प्लग (सुरू करण्याआधी इंजिनातली हवा तापवणारा) असेल तर त्याचा दिवा विझेपर्यंत थांबावे आणि अशा इंजिनात ईथरचा स्प्रे कधीही मारू नये. काही जण इंजिनच्या तेलाच्या चेंबरखाली चिंध्या पेटवतात, तो प्रकार मला मुळीच पटत नाही.

ऊसवाला, ओतूर

मोजले. पहाटे टर्मिनलवर १२.४ होते. सेल्फ मारताना बॅटरीवर ९.० आणि सेल्फवर ७.८ आले. हायड्रोमीटरने पाच सेल १.२५ च्या आसपास आले, पण एक सेल १.१५ वरच थांबला. चार्जिंगला लावूनही तो वर आला नाही. अर्थची केबल गिअरबॉक्सच्या बोल्टला आहे आणि तिच्या लगखाली (टोकाच्या कडीखाली) चिखल, गंज आणि वरून मारलेला रंग असे थरच्या थर आहेत.

उत्तर : ऑटो इलेक्ट्रिशियन, मंचर

दोन्ही दुखणी आहेत. तो सेल गेला, तेव्हा बॅटरी बदलावीच लागेल, पण १.२ व्होल्ट वाटेतच जात आहेत, त्यामुळे केवळ १०० ची बसवून गुण आला नसता. आधी बोल्ट सोडून लग आणि खालचे लोखंड चकाकेपर्यंत घासा, लगजवळची तार हिरवी पडली असेल तर अर्थ केबल बदला आणि कसल्यावर व्हॅसलिन लावा.

नवी बॅटरी ७५ किंवा ८० ची पुरे. पेटीची मापे आणि प्लस टर्मिनल कोणत्या बाजूला आहे, हे जुन्या बॅटरीवर पाहून मगच घ्या. टर्मिनल उलट बाजूला आले तर केबल पुरत नाही. उत्पादनाचा महिना पाहून ताजी मागा. काढताना आधी मायनस आणि मग प्लस, बसवताना याच्या उलट, म्हणजे पाना चुकून लोखंडाला टेकला तरी ठिणगी पडत नाही. बॅटरी धरणारी पट्टी घट्ट आवळा, कारण शेतातल्या हादऱ्यांनी प्लेटा लवकर झडतात. ट्रॅक्टर सुरू झाल्यावर टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे आले नाहीत तर अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा पाहावा लागेल. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, त्याचे पैसे बिलातून वजा होतात.