संयोगचिन्ह आणि अपसरणचिन्ह: फरक पाळायचा की सोडून द्यायचा?

कानामात्रा
आखूड रेघ (-) म्हणजे संयोगचिन्ह, ते शब्द जोडतं; लांब रेघ (—) म्हणजे अपसरणचिन्ह, ते वाक्य थांबवून पुढे खुलासा करतं, हे शाळेत शिकलो. आता सगळीकडे आखूडच, तीही कशीही ठोकलेली. 'तो आला-पण उशिरा' वाचताना डोळ्याला आधी 'आला-पण' हा जोडशब्द वाटतो, मग मागे यावं लागतं. माझ्या मते फरक पाळायलाच हवा.

ठोकळेबाज
टाइपरायटरवर एकच रेघ होती, लोक ती दोनदा दाबून काम भागवत. शिवाय ही विरामचिन्हं मराठीत रुळवली मेजर थॉमस कँडी या इंग्रज साहेबांनी, एकोणिसाव्या शतकात. त्याआधी मोडीत शब्दसुद्धा तोडत नसत. तरी हिशेब जुळत होतेच ना?

शाईपेन
जुळत होते, कारण वाचणारा कारकून सरावलेला होता. आता हे बघा: '१०-१५ पानं वाचा' म्हणजे अंदाजे तेवढी. 'पानं १०–१५ वाचा' म्हणजे दहाव्यापासून पंधराव्यापर्यंत. या दुसऱ्या कामाला छपाईत मधल्या लांबीची रेघ वापरतात. उणे चिन्ह आणखी वेगळं. युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षर-चिन्हांच्या क्रमांकयादीत) या चौघांना स्वतंत्र क्रमांक आहेत, ते उगीच नाही.

ठोकळेबाज
तुमच्या उदाहरणात अर्थ शब्दक्रमाने कळला, रेघेने नाही. दोन्ही रेघांची अदलाबदल करा, कुणी अडणार नाही.

शाईपेन
बरं. 'सैनिक-शेतकरी मेळावा'. दोन गट, की सैनिकही असलेले शेतकरी?

ठोकळेबाज
'सैनिक व शेतकरी' लिहा की! रेघेच्या लांबीवर अर्थ टांगायचाच कशाला?

रिकामटेकडा
अहो, रेघेपायी देश भांडलेत! १९९० मध्ये चेकोस्लोवाकियाच्या नावात संयोगचिन्ह घालायचं की नाही यावरून संसदेत जुंपली. स्लोवाकांना हवं, चेकांना नको. तडजोड अशी की चेक भाषेत चिन्हाशिवाय, स्लोवाकमध्ये चिन्हासह. तेही महिनाभर टिकलं नाही, नावच बदललं. १ जानेवारी १९९३ ला देशच दोन झाले (रेघेमुळे नव्हे, कारणं बरीच होती). आणि १९६२ मध्ये एका संयोगचिन्हापायी नासाचं मरिनर-१ यान गेलं!

शाईपेन
मरिनरची गोष्ट सांगोवांगी बिघडली आहे. राहून गेली ती सूत्रातल्या अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ, गणितात सरासरी दाखवतात ती. माझ्या बाजूचा पुरावा म्हणून चालला असता, पण खोटा नको.

बिनतारी
मी रोज संगणकाशी झुंजतो, तिथे रेघ बदलली की काम अडतं. वर्डमध्ये लिहून ठेवलेली आज्ञा उचलून टर्मिनलमध्ये (संगणकाला लेखी आज्ञा देतात त्या खिडकीत) चिकटवा: वर्डने परस्पर आखूडची लांब करून ठेवलेली असते, आणि आज्ञा चालत नाही. डोळ्यांना फरक दिसतही नाही. एक्सेलमध्ये '५-६' लिहा, तारीख होते. त्यामुळे आज्ञेत आखूडच, लेखात संपादक म्हणेल ती.

ठोकळेबाज
शिवाय हल्ली लांब रेघ दिसली की 'हे एआयकडून लिहून घेतलंय' असा शेरा येतो. मग तर सोडाच.

कानामात्रा
का सोडू? उद्या यंत्र स्वल्पविराम नीट देऊ लागलं तर तोही टाकून द्यायचा का? आणि कळफलकाची सबब नको. फोनवर आखूड रेघ दाबून धरा, लांब मिळते.

ठोकळेबाज
दाबून धरली. आता समोर तीन-चार रेघा आल्यात. यातली तुमची कुठली?