बोअरची जागा: नारळवाले पाणाडे की मशीनवाला? घरात भांडण लागलंय

औशाची मास्तरीण

मळ्यातली विहीर डिसेंबरातच तळ दाखवायला लागते, म्हणून बोअर घ्यायचा असं घरात ठरलं. इथवर एकमत. पुढं मात्र पक्ष पडलेत.

मामंजींना शेजारच्या गावचे पाणाडे पाहिजेत. ते तळहातावर नारळ आडवा ठेवून बांधाबांधानं चालतात, नारळ उभा राहिला की तिथं चुन्याची फुली. पैसे सांगत नाहीत, 'खुशीनं द्या' म्हणतात. खुशी म्हणजे किती, ते गावात सगळ्यांना पाठ आहे. धाकट्या भावजींना मशीनवाला पाहिजे. त्यानं व्हॉट्सॲपवर रंगीत चित्र पाठवलंय, निळं दिसलं की पाणी. आमच्या ह्यांचं म्हणणं, 'दोघांनाही बोलवू, जुळंल तिथं पाडू.' म्हणजे दोघांचेही पैसे गेले!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. पोरांकडून संविधानातली मूलभूत कर्तव्यं पाठ करून घेते, त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन आहे. आणि घरी नारळाला कुंकू लावायचं ताट माझ्याच हातात येणार आहे.

पण माझी खरी अडचण वेगळीच आहे. मागं गावच्या सार्वजनिक बोअरची जागाही नारळानंच ठरली. ग्रामसभेत मी विचारलं, सरकारी पैशाचा बोअर असा कसा पाडता? एक जण म्हणाले, "बाई, पाणी लागल्याशी मतलब." आणि पाणी लागलं की हो! अजून चालतंय. तेव्हापासून मामंजी मला काही बोलत नाहीत, नुसते हसतात.

तर सांगा: नारळात काही नसेल तर पाणी लागतं कसं? मशीनवाल्यावर किती विश्वास ठेवायचा? आणि म्हाताऱ्या माणसाचा पाणउतारा न करता हे घरात बोलायचं कसं?

---

बालाघाटावरचा पाटील

ताई, तुमच्या मामंजींचं ऐका. आमच्या भावकीतले सगळे बोअर एकाच म्हाताऱ्यानं दाखवलेत आणि उसाला पाणी पुरतंय. पुस्तकात नाही म्हणजे जगात नाही, असं थोडंच आहे? वराहमिहिरानं सहाव्या शतकात झाडं आणि वारुळं बघून पाणी कुठं आणि किती खोल ते लिहून ठेवलंय. तेव्हा कुठल्या मशीन होत्या?

उलट मशीनवाल्यानंच आमच्या पाहुण्याला बुडवलं. 'साडेचारशेला दोन इंच', म्हणजे साडेचारशे फुटांवर दोन इंच पाणी, म्हणून कागदावर सही करून दिली आणि आला नुसता फुफाटा. पाणाडा निदान गावातला असतो, समोरासमोर जाब विचारता येतो.

---

गाडीवाले काका, रेणापूर

मास्तरीणबाई, मी आयुष्यभर बोअरच्या गाड्यांची एजन्सी केली. गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या, पोरंबी तिकडचीच. उन्हाळ्यात गाडीखालीच झोपायची. पोरांना मराठी येत न्हवतं, पण 'पाणी', 'फेल' आन् 'बिल' हे तीन शब्द पक्के. म्हून आतल्या बाजूनं सांगतो.

गाडीचा रेट फुटावर असतो. पाणाड्याला गाडीवाल्याकडून वेगळं मिळतं, ते तुमच्या 'खुशी'त धरलेलं नसतं. काही ठिकाणी तेबी फुटावरच. आता मला सांगा, अडीचशेला कोरडं असताना 'थांबा, पुढं काही नाही' असं कोणता पाणाडा म्हणंल? मी तरी तसला बघितला न्हाई. "अजून दोन रॉड जाऊ द्या, झरा जवळच हाय," हे मात्र लई ऐकलं. मशीनवाल्याचंबी तसंच, तेवढं जाकीट घालून बोलतोय.

पाटील म्हणतेत जाब विचारता येतो. विचारून बघा की. 'गाडीवाल्यानं फुली सोडून दीड फूट अलीकडं लावलं.' 'रॉड तिरका गेला.' 'नारळ घरून आणाय पाहिजे होता, दुकानाचा चालत न्हाई.' एकानं तर शेतमालकाच्या चुलत्याचं सुतक काढलं होतं, ते सुतक फिटून महिना झाला होता.

आन् पाणाड्यानं दाखवलेले सगळे लागले, असं का वाटतं ठाव हाय का? लागलेल्या बोअरवर मोटर बसते, ती रोज दिसते. फेल गेलेल्यावर दगड ठेवतेत आन् सोयाबीन पेरतेत. धाव्या वर्षी मालकालाबी जागा सापडत न्हाई. (दगड ठेवता ते ठेवा, पण आधी नीट टोपण बसवून बुजवा. लेकरं पडतेत त्यात.)

आता कामाचं बोलतो. गाडी लागली की जेवणाच्या डब्याच्या मागं जाऊ नका. एक माणूस पोतं आंथरून बसवा आन् प्रत्येक रॉडला वर येणारा चुरा मूठभर घेऊन त्या पोत्यावर ओळीनं ढीग लावा. आधी काळी माती, मग पिवळा मुरूम, मग काळा पाषाण, त्याची भुकटी राखेगत उडते. मग मांजऱ्या दगड लागतो, त्यात पांढरे पांढरे दाणे चमकतेत. मधी कुठं तांबडा गेरू. एक थर सरून दुसरा लागतो तिथं किंवा मांजऱ्यात भुकटी ओली होऊन गोळे यायला लागतेत. ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यानं दिसतं, कुणाला विचाराय लागत न्हाई. लांबलचक पाषाणच चालला, रॉडमागून रॉड राखच उडूलालीय, तर गाडी बंद करायची हिंमत ठेवा. पैसा तिथंच जातो.

दुसरं, पहिल्या दिवशी कारंजं उडालं म्हून पेढे वाटू नका. खडकाच्या कपारीत साठलेलं पाणी एकदम येतं आन् संपून जातं. गाडीवाल्याला तासभर तरी हवा मारायला लावा, धार कमी होती का बघा. मगच मोटरीचं बघा.

---

काळा पाषाण

काकांनी धंद्याची बाजू सांगितली, मी भूगर्भशास्त्र शिकलोय तर जमिनीची सांगतो.

बाईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे की पाणाडे समजतात तसं पाणी जमिनीतल्या शिरांमधून वाहतं ही कल्पनाच आपल्याकडं फारशी लागू पडत नाही. मराठवाड्याचा बहुतेक भाग लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे. वरचा कुजलेला मुरूम आणि त्याखालचा मांजऱ्या यांत पाणी पसरून असतं, विशेषतः ओढ्याकाठी आणि सखल भागात. अशा पट्ट्यात डोळे झाकून बोट ठेवलं तरी थोडंफार पाणी लागतं. गावचा सार्वजनिक बोअर कुठं आहे? पांदीच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळ असला तर नारळाला श्रेय द्यायचं कारण नाही. खोल गेल्यावर मात्र पाणी फक्त भेगांत आणि थरांच्या सांध्यात असतं, तिथं दहा हातांवर चित्र बदलतं. फसगत होते ती तिथंच.

पाटील, वराहमिहिराचा मुद्दा चांगला आहे, पण तो नारळाच्या बाजूचा नाही. झाड, वारूळ, जमिनीचा उतार बघणं हे निरीक्षण आहे, चूक निघालं तर तपासता येतं. जुना पाणाडाही आधी हेच बघतो: उंबर कुठं, शेजारची विहीर कुठं, कुणाची विहीर लवकर आटते. त्याची नजर तयार असते. नारळ त्याच्या नजरेनं आधीच ठरवलेल्या जागी उभा राहतो, आणि तो लबाडी करत असतो असंही नाही. हाताचे स्नायू नकळत हलतात. मायकेल फॅरडेनं १८५३ मध्ये हेच दाखवलं होतं. तेव्हा इंग्लंडात टेबलाभोवती बसून, त्यावर हात ठेवून 'आत्म्यानं' टेबल फिरवायचं खूळ होतं. त्यानं हात आणि टेबल यांच्या मध्ये सरकणारे पुठ्ठे ठेवले. टेबलाच्या आधी हात सरकत होते. हात सरकला की हलणारा काटा लोकांच्या समोर ठेवला तेव्हा टेबल फिरायचंच बंद झालं. आठवीच्या पोरांना हा प्रयोग वर्गात करून दाखवता येईल.

पाणाड्यांचीही परीक्षा झाली आहे. १९८७-८८ मध्ये जर्मनीत म्युनिकजवळच्या एका कोठारात, सरकारी पैशानं. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यानं तो कुठं आहे ते सांगायचं. निवडून काढलेले ४३ पाणाडे, ८४३ फेऱ्या. करणाऱ्यांनी मोजक्या काही जणांना जमतं असा दावा केला, पण अमेरिकेतले शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तेच आकडे तपासून त्यात अंदाजपंचे ठोकण्यापलीकडं काही नाही असं मांडलं. ज्या माणसाला एका फेरीत जमलं त्याला पुढच्या फेरीत जमत नव्हतं.

आता मशीन. खरी पद्धत अशी: जमिनीत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन्हींतून वीज सोडायची, आतल्या दोन्हींमध्ये विजेचा दाब मोजायचा. कोरडा पाषाण विजेला अडवतो, ओला मुरूम कमी अडवतो. सळया जितक्या लांब नेल्या तितकी वीज खोल जाते. म्हणजे जेवढं खोल बघायचं त्याच्या निदान तिप्पट-चौपट लांब वायर पसरावी लागते. तीनशे फुटाचं सांगायचं तर हजार फुटांच्या आसपास. मशीनवाला पन्नास-साठ फुटांत वायर गुंडाळून 'साडेचारशेला दोन इंच' म्हणाला तर त्याला चहा पाजून रवाना करा. पाटलांच्या पाहुण्याकडं वायर किती पसरली होती, विचारा बरं. आणि हातात अँटेना धरून फिरणारे तर बॅटरी लावलेला नारळच घेऊन फिरतात.

खरं मशीनही पाणी दाखवत नाही, थर दाखवतं. तांबडा गेरू, चिकण माती, खारं पाणी हे सगळं विजेला कमीच अडवतं. चित्रात तेही निळंच. त्यामुळं वाचणारा माणूस इथला खडक ओळखणारा पाहिजे. लातूरला भूजल सर्वेक्षण यंत्रणेची कचेरी आहे. ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी ते वर्षातून चार वेळा मोजतात. तुमच्या शिवाराच्या जवळची विहीर कुठली आणि तिची पातळी किती खाली गेली, हे आधी विचारा.

---

तुरीचं खुंट

सगळे शहाणे बोलूलालेत, पण कायद्याचं कुणीच नाव काढंना. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं अधिसूचित, म्हणजे सरकारनं जाहीर केलेल्या भागात शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली जायला मनाई आहे. इथं साडेचारशेच्या गप्पा चालल्यात! कायदा विधानसभेत झाला, आणि टंचाई आली की त्याच विधानसभेतले पुढारी गावोगाव बोअर मंजूर करून फोटो काढतात. बोअरला नारळ फोडता येतो, फीत कापता येते. शेतात चर खणला तर कोण येतं फोटोला?

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या साली जिल्ह्यात पाणाडे होते, मशिनी होत्या, गाड्याही रात्रंदिवस चालू होत्या. मांजरा धरण कोरडं होतं.

---

बालाघाटावरचा पाटील

पाहुण्याला फोन लावला. वायर 'बांधापासून जांभळीपर्यंत' होती म्हणे. जांभूळ कितीक लांब असणार! मशीनवाल्याचं तुम्ही म्हणता ते मान्य. पण म्हाताऱ्याच्या नारळावर माझा विश्वास आहे तो आहेच. परीक्षा घ्यायची तर इथं येऊन घ्या, जर्मनीत कशाला?

---

काळा पाषाण

घेऊ की, सोपी आहे. त्यांच्या फुल्या झाल्या की जागा मोजून टिपून ठेवायच्या, मग चुना पुसायचा. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर उपरणं बांधून त्यांना वेगळ्या बाजूनं त्याच वावरात फिरवायचं. नारळ पुन्हा तिथंच उभा राहिला तर मी तुमच्या भावकीला जेवण देतो.

---

औशाची मास्तरीण

सगळ्यांची उत्तरं मामंजींना वाचून दाखवली. पाटलांच्या उत्तराला दोनदा मान हलवली, बाकीच्यांना एकदाही नाही. उपरण्याची परीक्षा त्यांनी साफ उडवली. "वयानं मोठ्या माणसाचे डोळे बांधायचे? आंधळी कोशिंबीर हाय का ती?" मीही पुढं रेटलं नाही. पण गावचा बोअर कुठं आहे हा प्रश्न त्यांना लागला. तो ओढ्याच्या काठालाच आहे, कपडे धुवायच्या दगडाजवळ. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मंग तिथं पाणी लागंलच की." हसले नाहीत हे महत्त्वाचं.

भावजींनी मशीनवाल्याला वायरचं विचारलं. तो म्हणाला, आमच्या मशीनला वायर लागत नाही, ते ऑटोमॅटिक आहे. भावजींनी नंबर ब्लॉक केला.

आता ह्यांनी नवीन काढलंय: आधी जुन्या विहिरीतला गाळ काढायचा, मग बघू. काका, हे बरोबर आहे का? विहीर जुनी आहे, वरून दगडी बांधीव, खाली पाषाण.

---

गाडीवाले काका, रेणापूर

मालक शहाणे हायेत. एप्रिल-मेमधी काढा, पाणी कमी असतं तवा. गाळ निघाल्यावर तळाच्या आसपास भिंतीला ओल कुठून येती ते दोन दिवस बघत बसा, काही करू नका. ज्या अंगानं ओल येती त्या अंगाला आडवा बोअर मारता येतो, त्याला उभ्या बोअरएवढा खर्च न्हाई. आन् पावसाळ्यात शेतातलं पाणी थेट विहिरीत सोडू नका, आधी खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून सोडा, न्हाईतर पुन्हा तेवढाच गाळ. बांधकाम कुठं फुगलंय का ते आत उतरायच्या आधी बघा. मोटर वर काढल्याबिगर आन् कमरेला दोर बांधल्याबिगर गड्याला खाली सोडू नका.