मदत हवी आहे : एम्ब्रॉयडरी मशीनचे प्रशिक्षण कोणत्या क्रमाने द्यावे?

सर्वांना नमस्कार. सोलापुरात शालेय गणवेश शिवणाऱ्या पाच छोट्या व्यावसायिकांना मी १५ सुयांचे, एका डोक्याचे कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन चालवायला शिकवीत आहे. मशीन विकणाऱ्याने अर्ध्या दिवसात बटणे तेवढी दाखवली. दोरा का तुटतो, हे मात्र कोणी सांगितले नाही.

खरी अडचण दोऱ्याच्या ताणाची आहे. नमुना उलटा करून पाहिल्यावर सॅटिन टाक्याच्या (शेजारीशेजारी घातलेल्या भरीव टाक्यांच्या पट्टीच्या) मधल्या साधारण एक तृतीयांश भागात बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, पांढरा दोरा दिसावा, हे त्यांना समजते. पण तो कडेपर्यंत पसरला की वरचा ताण कमी करायचा की बॉबिन केसचा स्क्रू फिरवायचा, यावर हात अडतो. टी-शर्टाच्या होजिअरी कापडावर तर बिल्ल्याचे गोल अक्षर हमखास लंबगोल होते. फ्रेममध्ये कापड ताणून बसवण्याची सवय, ब्लाउजवरच्या आरीकामातून आलेली असावी, काही केल्या सुटत नाही.

डिजिटायझिंग (चित्रावरून मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवणे) आधी शिकवावे, की तयार डीएसटी फाइलवर (मशीन वाचते त्या टाक्यांच्या फाइलवर) महिनाभर हात बसू द्यावा? माझा कल दुसऱ्याकडे आहे. ज्यांनी असे शिकवले आहे, त्यांनी आपला क्रम आणि सरावासाठी वापरलेले कापड व बॅकिंग (कापडाखाली लावायचा आधाराचा थर) कृपया कळवावे.