कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतो, पण पाणीच चार-पाच दिवसांनी येतं

पूर्वभाग_शिक्षिका
शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, पाचवी ते सातवी. वडील बहुतेक यंत्रमागावर, आया घरी विड्या वळतात. दर पावसाळ्यात डेंग्यूवर प्रभातफेरी, घोषणा, चित्रकला स्पर्धा होतात. 'आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करा' हे मुलांना तोंडपाठ आहे. घरी सांगितलं की आई विचारते, नळ चार-पाच दिवसांनी सुटतो, भरलेलं बॅरल ओतून प्यायचं काय? मला तिचं पटतं. मग मुलांच्या हातून घरापर्यंत नेमकं काय पोचवावं?

आरोग्यसेवक_द_सोलापूर
मॅडम, पाणी ओता असं सांगूच नका. घासा म्हणून सांगा, आणि तेही नळ सुटायच्या आधी, बॅरलच्या तळाशी वीतभर पाणी उरलेलं असताना.

डेंग्यूच्या डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवून. खसखशीपेक्षा बारीक काळे ठिपके असतात. नुसतं उपडं केल्याने ती निघत नाहीत. कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशने काठापासून तळापर्यंत जोर लावून घासायची. ते पाणी गटारीत नको, कोरड्या मातीवर टाकायचं. तिथे अळ्या मरतात.

आपल्याकडच्या गरम हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. म्हणजे दर पाण्याला रिकामं होणारं बॅरल फारसं धोक्याचं नाही. खरी अडचण मागच्या 'राखीव' बॅरलची. ते कधीच संपत नाही, त्यात वरून भर पडत राहते. मुलांना एकच काम द्या: प्रत्येक बॅरलवर भरल्याची तारीख खडूने लिहायची आणि जुन्या तारखेचं आधी वापरायला लावायचं. यात आईचं थेंबभर पाणी वाया जात नाही, त्यामुळे ती ऐकते.

झाकायला जुनी सुती साडी दुहेरी करून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने ताणून बांधायची. कापड सैल पडून पाण्याला टेकलं तर डास त्या ओल्या कापडावरच अंडी घालतो. तिरकं ठेवलेलं पत्र्याचं झाकण म्हणजे उघडं बॅरलच.

झेडपी_गुरुजी_मोहोळ
खडूची तारीख फार कामाची आहे. त्यात वर्गातली बाजू जोडतो.

अळी एकदा डोळ्यांनी दिसली की भाषणाची गरज उरत नाही. पारदर्शक बाटलीत अळ्या घ्या, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा घट्ट बांधा. स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसू लागले की त्याच दिवशी पाणी मातीत ओता, नाहीतर डास वर्गातच बाहेर पडतील. घरी बॅरलमध्ये टॉर्च मारल्यावर अळ्या पटकन तळाला जातात आणि मुलं 'नाही' लिहून मोकळी होतात. दोन मिनिटं थांबायला शिकवा. श्वासासाठी त्या वर येतातच.

'अळी नाही' याला गुण मात्र देऊ नका. दिलेत की सगळ्या वह्यांत शून्य येतं. वहीत फक्त भांडी किती आणि कुठली तारीख, एवढंच मागा. कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं हेही त्यात येऊ द्या.

पालकसभा पाण्याच्या दिवशी ठेवलीत तर कुणी येणार नाही. विडीवाल्या आयांना चिठ्ठीपेक्षा व्हॉट्सॲपवर त्यांच्या घरच्या तेलुगूत बोललेला निरोप जास्त पोचतो. हात कामात असले तरी ऐकता येतो. तो वर्गातल्याच एखाद्या आईच्या आवाजात असू द्या.

आणि जूनमध्ये शाळा उघडताना आधी शाळेची टाकी बघा. सुट्टीभर साठलेलं पाणी, बंद संडासातले फ्लश, मैदानातले टायर. हा डास दिवसा चावतो, म्हणजे मुलं शाळेत असतानाही.

पूर्वभाग_शिक्षिका
दोघांचे आभार. जमिनीतला हौद रिकामा होत नाही, तिथे काय? लोक म्हणतात फवारणी करून घ्या.

आरोग्यसेवक_द_सोलापूर
धुराच्या फवारणीने फक्त उडणारे डास मरतात, हौदातली अळी तशीच राहते. तिथे गप्पी मासे सोडा, किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांकडून ॲबेट (अळ्या मारायचं औषध) टाकून घ्या. लिटरला 1 मिलीग्रॅमपर्यंत ते पिण्याच्या पाण्यातही चालतं, पण मोजून टाकायचं असल्याने घरच्यांनी स्वतः टाकू नये. पाणी बिघडलं समजून पुष्कळ घरांत हौद लगेच उपसतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवा.

बालरोग_सोलापूर
तापाबद्दल पालकांना दोनच गोष्टी पक्क्या सांगा. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल द्यायचं तेही मुलाच्या वजनानुसार, डॉक्टरांना विचारून. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ताप उतरला की मूल बरं झालं असं समजून शाळेत पाठवतात, पण धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतानाच येतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. पोटात जोराने दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, सुस्ती यांपैकी काहीही दिसलं तर त्याच तासाला दवाखाना. तापाने गैरहजर मुलाच्या घरी चौथ्या दिवशी फोन कराल तेव्हा 'ताप गेला का' एवढ्यावर थांबू नका. सकाळपासून लघवी किती वेळा झाली ते विचारा. सहा तासांत एकदाही झाली नसेल तर लगेच न्यायला सांगा.